दिसलं नाई, तर द्यायचं नाई

रेफ्रीभाऊंनी आयुष्यात व्हिडिओ गेमच्या दांड्याला हात लावला नाही. तरी त्या काळी अख्ख्या चंद्रपुरात फुटबॉलच्या व्हिडिओ गेमबद्दल सगळ्यांत जास्त मतं त्यांचीच होती, आणि ती सगळी माझ्या अक्षरात होती.

अक्षर हा माझा एकमेव गुण. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा परीक्षकांनी अक्षर सोडून बाकीचं पाहिलं. तेव्हा मामा म्हणाले, "बसायचंच आहे तर दुकानात बस." सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. मामांनी नागपुराहून तीन जुनी मशिनं आणून जटपुरा गेटाजवळच्या एका गाळ्यात लावली होती. गाळा अर्धाच होता. मधे प्लायवुडची भिंत, आणि पलीकडच्या अर्ध्यात एक टेलर. त्यांना सगळे मास्टर म्हणत. आमच्या मशिनांची पीं-पीं त्यांच्याकडे जाई आणि त्यांच्या शिलाई मशीनची खडखड आमच्याकडे येई. भिंतीचा उपयोग एवढाच, की दोघं एकमेकांना दिसत नव्हतो.

तीन मशिनांपैकी एकात विमानं होती, एकात मोटारी, आणि तिसऱ्यात फुटबॉल. हिरवा पडदा, त्यावर चार लाल माणसं आणि चार निळी. माणूस म्हणजे एकावर एक ठेवलेले तीन ठोकळे. चेंडूही चौकोनीच होता. "बॉल गोल पाहिजे" हे रेफ्रीभाऊंचं मत क्रमांक एक.

ते कोळशाच्या खाणीत स्टोअरकीपर होते. नुकतेच रिटायर झाले होते. नोकरी सहा दिवसांची. सातव्या दिवशी, म्हणजे रविवारी, आजूबाजूच्या खाणींच्या टीमांचे सामने असत आणि त्यात रेफ्री हेच. पंचवीस वर्षं. नोकरी सुटली तेव्हा त्यांनी स्टोअरच्या चाव्या परत केल्या, शिट्टी केली नाही. ती गळ्यातल्या काळ्या दोरीला तशीच राहिली. अंगात पांढरा शर्ट, आणि त्याच्या कॉलरीची शिवण अशी वाकडी, की लांबून वाटावं माणूस कायम डावीकडे पाहतोय.

पहिल्या दिवशी आले ते दुपारी चार वाजता. एक ट्रकवाला खेळत होता. हे त्याच्या मागे हात बांधून उभे राहिले. दोन मिनिटं गेली, आणि त्यांनी शिट्टी मारली. बंद गाळ्यात मैदानावरची शिट्टी. ट्रकवाल्याच्या हातून दांडाच सुटला.

"फाउल," रेफ्रीभाऊ म्हणाले.

"कुठी फाउल?"

"तो निळा मांगून आला."

"मशीननं तर नाई देल्लं!"

"मशीन इथी नवीन आहे," रेफ्रीभाऊ म्हणाले.

ट्रकवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी विमानांच्या मशीनकडे पाहिलं. मालक म्हणून अशा प्रसंगी कुठं पाहायचं, ते मामांनी शिकवलं नव्हतं.

मग ते रोज येऊ लागले. चारला येणार, सहाला जाणार. खेळणाऱ्याला मधे काही शिकवणार नाहीत. फक्त खेळ संपला की विचारणार, "बाबू, तुमचं मत काय?" वर्ल्ड कप टीव्हीवर दिसल्यापासून गावात ज्याला त्याला फुटबॉलचं मत आलेलंच होतं, विचारणारा पहिल्यांदा भेटला. एसटीचा एक कंडक्टर म्हणाला, निळे लोक फार हळू पळतात, मजा नाही. बँकेतला एक क्लार्क म्हणाला, पास देताच येत नाही, ज्याच्या पायाला बॉल चिकटला त्यालाच सोडत नाही. कॉलेजची पोट्टी म्हणत, गोलकीपर चाटू आहे, डावीकडे सरकतच नाही. ट्रकवाल्याचं मत होतं, की खेळात काही वाईट नाही, फक्त हा म्हातारा काढा. तेही रेफ्रीभाऊंनी लिहून घ्यायला लावलं.

मतं घेण्याचा त्यांचा नियम होता. जिंकलेल्याचं मत तिथल्या तिथे घ्यायचं. हरलेल्याला आधी बाकावर बसवायचं, पाणी द्यायचं आणि दहा मिनिटांनी विचारायचं. "हरलेल्याचं मत गरम राह्यते. थंडं झाल्याबिगर लिहू नोको." पाणी देण्याचं काम माझं. त्या दुकानात मी जितकी माणसं थंड केली, तितकी पुढे नोकरीत तक्रार-खिडकीवर बसूनही केली नाहीत.

त्यांची स्वतःची मतं निराळी होती. बॉल रेषेबाहेर जातच नाही, भिंतीला आपटल्यासारखा परत येतो, म्हणजे थ्रो नाही. हे बरोबर नाही. गोल झाल्यावर कोणी कोणाच्या गळ्यात पडत नाही. सामना संपला की माणसं जागच्या जागी नाहीशी होतात, हात मिळवत नाहीत. आणि सगळ्यांत मोठं मत: आठ माणसं आणि एक बॉल सोडून दिलाय, पण रेफ्री नाही.

"भाऊ, तो खेळ आहे," मी म्हणालो.

"म्हनूनच तं. लढाई असती तं नसता लागला."

मग एक दिवस ते कार्बन पेपर घेऊनच आले. "लिही. मत पोटात ठेवून काई होत नाई, लिहून द्या लागते." त्यांच्या घरी मी एकदा गेलो होतो. बाहेरच्या खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली फळीवर दोन पुस्तकं: एक राज्यघटना, दुसरं फुटबॉलचे नियम. दोन्हींना सारखंच खाकी कव्हर. मला म्हणाले, "माह्या बापाले उभं राहाची जागा सायेब दाखवे. मी सायेबाच्या टीमविरुद्ध पेनल्टी देल्ली आहे. काऊन? तं नियम लिहून होता. लिहून असला म्हंजे लहान मानूस मोठ्या मानसासंग उभ्यानं बोलू शकते." ते असं बोलले की मला माझ्या अक्षराबद्दल उगाच आदर वाटे.

पण लिहून पाठवायचं कुठे? मी टॉर्च घेऊन मशीनच्या मागे शिरलो. तिथे एका लोखंडी डब्यावर पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर नागपूरच्या एका कंपनीचा पत्ता. मी तो सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला.

दर महिन्याला एक पत्र जाऊ लागलं. रजिस्टर्ड. वर 'विषय: फुटबॉल खेळाबाबत खेळाडूंची मते', खाली मतांना क्रमांक. रेफ्रीभाऊ सांगत आणि मी लिही. सांगताना त्यांचा आवाज असा चढे, की रस्त्यावरचे रिक्षावाले ऐकायला थांबत.

"भाऊ, मी इथंच बसलो आहे," मी म्हणे.

"मग? मत काय कानात सांगाची गोष्ट आहे?"

तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. आपली तक्रार मिळाली, गोलकीपर डावीकडे सरकत नसल्यास प्रथम व्होल्टेज तपासून घ्यावे. रेफ्रीभाऊंनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. म्हणाले, "गोलकीपरले अशक्तपना आहे, कंपनी मान्य करून राह्यली."

इथे मास्टरांबद्दल सांगायला हवं, कारण रेफ्रीभाऊ त्यांच्याबद्दल कधीच काही सांगत नसत.

मला मामांनी सांगितलं. मास्टर तरुणपणी गावच्या टीमचे लेफ्ट विंग. दिवसभर कपडे शिवायचे आणि संध्याकाळी पळायचे. हे दोघं पक्के दोस्त. रेफ्रीभाऊंचे सगळे कपडे मास्टरच शिवत, रेफ्रीचा काळा ड्रेससुद्धा. मग एका वर्षी फायनल आली: गावची टीम विरुद्ध खाणीची टीम, मैदान खाणीचं, रेफ्री हे. शेवटच्या मिनिटाला मास्टरांनी डावीकडून बॉल मारला. गोलकीपर बॉलवर पडला, रेषेच्या आत की बाहेर कोण जाणे. रेफ्रीभाऊंनी गोल दिला नाही. गाव हरलं. गाव म्हणालं, खाणीचा माणूस खाणीलाच देणार. मास्टर काहीच म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रेफ्रीभाऊंचे कपडे शिवणं बंद केलं.

चौदा वर्षं. चौदा वर्षांत रेफ्रीभाऊंनी दुसऱ्या टेलरला माप दिलं नाही. जुनेच शर्ट वापरले. कॉलर झिजली की स्वतः उसवायची, उलटी करायची, स्वतः शिवायची. म्हणून ती वाकडी.

हे सगळं कळल्यावरही मला काय वाटलं? तर हा माणूस फुटबॉलवर इतकं प्रेम करतो, की त्यापायी शत्रूच्या भिंतीपर्यंत रोज येतो. मामांनाही मी हे बोलून दाखवलं. मामा माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दुसऱ्या वर्षाले दोनदाच बसला ना तू?"

नववं पत्र उन्हाळ्यात लिहिलं. त्या दिवशी मत एकच होतं. आमच्या मशीनचं चित्र डावीकडे सरकलेलं होतं. डावी गोल लाइन लाकडी चौकटीच्या खाली गेली होती. त्या बाजूला गोल झाला तर फक्त पीं-पीं ऐकू यायची, बॉल आत गेलेला दिसायचा नाही. गिऱ्हाइकांची हरकत नव्हती. पीं-पीं झाली म्हणजे झालं.

रेफ्रीभाऊ उभे राहून सांगू लागले. "लिही. डाव्या बाजूची लाइन रेफ्रीला दिसत नाही."

"भाऊ, रेफ्री नाहीच आहे मशीनमधे."

"तू लिही. दिसलं नाही, तर रेफ्रीने गोल देऊ नये. हा नियम आहे." मी लिहिलं. "मात्र," ते म्हणाले आणि थांबले. त्यांच्याकडून 'मात्र' हा शब्द मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यांची वाक्यं 'आहे' आणि 'नाही' यांवरच संपत. "मात्र, मला दिसलं नाही, असं त्याने त्या खेळाडूला सांगायला पाहिजे होतं."

"होतं?" मी विचारलं. "की 'पाहिजे'?"

"होतं."

पलीकडची खडखड बंद पडली. मला वाटलं लाइट गेली. मग आठवलं, शिलाई मशीन पायाचं आहे.

पंधरा दिवसांनी कंपनीचा मेकॅनिक आला. खरा माणूस, हातात पेटी, पिशवीत आमची नऊच्या नऊ पत्रं. तो मशीनच्या मागे गेला, त्या लोखंडी डब्यावर हात ठेवून म्हणाला, "हा स्टॅबिलायझर आमचा. हा चांगला आहे."

"आणि गोलकीपर?" रेफ्रीभाऊंनी विचारलं.

"आम्ही फक्त स्टॅबिलायझर बनवतो."

म्हणजे मी टॉर्च मारून स्टॅबिलायझरचा पत्ता उतरवला होता. वीज आमच्या उशाशी तयार होऊन मुंबईला जाते आणि आमच्या वाट्याला तिचा उरलासुरला दम येतो, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक यंत्रामागे एक स्टॅबिलायझर असतोच. मला ते माहीत होतं. बाहेरच्या जगात अशा अज्ञानाला काही नाव असेल. आमच्या घरी अजून माझंच नाव वापरतात.

"मग तुम्ही आले काऊन?" मी मेकॅनिकला विचारलं.

"ऑफिसात सगळे वाचतात तुमची पत्रं. साहेब म्हणाले, एकदा जाऊन पाहून तरी ये."

रेफ्रीभाऊंनी वाकून त्या डब्याकडे पाहिलं. "म्हंजे एवढे दिवस खेळाडूंची मतं स्टॅबिलायझरले गेली."

"हो."

"त्यानं उत्तर तं देल्लं," ते म्हणाले. "बाकीचे तेही देत नाई."

मेकॅनिक भला माणूस. आलोच आहे तर, म्हणून त्यानं मागचा एक स्क्रू फिरवला, आणि चित्र हळूहळू उजवीकडे सरकलं. चौकटीखालून एक पांढरी रेघ बाहेर आली. गोल लाइन. आम्ही दोन वर्षं ते मशीन चालवत होतो आणि ती रेघ पहिल्यांदा पाहत होतो.

रेफ्रीभाऊ पडद्यासमोर आले. नाक लागेल इतके जवळ. "आता खेळ," मला म्हणाले. "डावीकून जा, अन् मार."

मी खेळलो. मालकाला आपल्या दुकानातला खेळ यावा अशी अपेक्षा असते. पहिला बॉल बाहेरच्या भिंतीला लागला. दुसरा निळ्यानं नेला. तिसऱ्या वेळी मी माझ्याच गोलकीपरकडे पळत सुटलो. जमलेली पोट्टी हसू लागली. रेफ्रीभाऊ हसले नाहीत. शिट्टी तोंडात धरून रेषेकडे पाहत राहिले. माझे आणखी पाच-सात बॉल गेले.

"हटो," मागून आवाज आला. "तेरे से नहीं होगा."

मास्टर दारात उभे होते. गळ्यात टेप, बोटात अंगुस्ताना. त्यांनी आमच्या दुकानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी उठलो. ते स्टुलावर बसले, दांडा हातात धरला आणि पायानं खाली काहीतरी शोधू लागले. मी सांगितलं, "मास्टर, याला पायडल नाही." त्यांनी पाय मागे घेतला, पण पाय ऐकेना, खेळताना तो खाली हलतच राहिला.

पहिले दोन बॉल निळ्यांनी नेले. कोणी हसलं नाही. तिसऱ्या वेळी ठोकळ्यांचा लाल माणूस डाव्या कडेनं निघाला, एका निळ्याला टाकून पुढे गेला, आणि मास्टरांनी बटण दाबलं. बॉल तिरपा गेला. रेषेवर आला. रेषेच्या पलीकडे गेला. पीं-पीं झाली.

सगळे रेफ्रीभाऊंकडे पाहत होते. मेकॅनिकसुद्धा. रेफ्रीभाऊंनी शिट्टी तोंडातून काढली.

"हा दिसला," ते म्हणाले.

मास्टरांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "और वो?"

"तो नाई दिसला. खानीचं मैदान. चुन्याची लाइन टाकली होती, दुसऱ्या हाफपावतर कोळशानं काळी होऊन गेल्ती. वरून धुरळा. मले काईच दिसलं नाई."

"मैं इत्ते साल समझा, तूने देखा और नहीं दिया."

"माह्याच्यानं होते का तसं?"

"तो उसी दिन बोलना था न भाऊ, कि नहीं दिखा."

"रेफ्रीनं असं म्हनत नसते."

"और आज बोला?"

"आता रिटायर झालो." मग म्हणाले, "अन् तू इचारलंच कुठी? तू तं डायरेक्ट शिवनंच बंद केलं."

मास्टर उठले. रेफ्रीभाऊंच्या जवळ गेले आणि त्यांच्या कॉलरीचं टोक दोन बोटांत धरून पाहू लागले.

"ये किसने सिला?"

"मी."

"दिखता है," मास्टर म्हणाले, आणि आपल्या गाळ्यात निघून गेले. थोड्या वेळानं पलीकडे खडखड सुरू झाली.

त्यानंतर रेफ्रीभाऊ आमच्या दुकानात आले नाहीत. रोज चारला यायचे, पण एक दार आधी वळायचे. भिंतीपलीकडून दोघांची वादावादी ऐकू यायची, बहुतेक त्याच फायनलची. मी मनातून दुखावलो. मला वाटत होतं, आमच्या मशीनमधे आणि माझ्या अक्षरात काहीतरी होतं. परवा हे सगळं घरी सांगत होतो. मुलगा टीव्हीवर फुटबॉलचा गेम खेळत रेफ्रीला शिव्या देत होता. आता गेममधे रेफ्री आहे, हे ऐकून भाऊ किती सुखावले असते, असं मी म्हणालो. बायको आरमोरीची आहे, तांदूळ निवडताना वर न बघता बोलते. म्हणाली, "तुमच्या अक्षरासाठी नव्हते येत ते, भिंतीसाठी येत होते." मला तीस वर्षं लागली, तिला अर्धं सूप.

भाऊ आमच्याकडे एकदा मात्र आले. नववं पत्र लिहिल्याला दोनेक महिने झाले असतील. अंगात नवा शर्ट, पांढराशुभ्र, खिशाच्या आत शिट्टीसाठी छोटा चोरखिसा. कॉलर सरळ, इतकी सरळ की माणूस ओळखायला वेळ लागला. पण शर्ट भलताच ढगळ. खांदे दंडावर उतरलेले, बाह्यांतून फक्त बोटं बाहेर. मास्टरांनी नवं माप घेतलंच नव्हतं. चौदा वर्षांपूर्वीच्या वहीत लिहिलेलं माप काढलं आणि त्यावरून कापड कापलं. मधल्या काळात आतला माणूस आटला होता, ते वहीला काय माहीत?

"भाऊ," मी हळूच म्हणालो, भिंतीपलीकडे जाणार नाही अशा बेतानं, "ढिला झाला ना शर्ट."

रेफ्रीभाऊंनी एक हात लांब केला. बाही बोटांवरून खाली लोंबली. त्यांनी तिच्याकडे नीट, रेफ्रीच्या डोळ्यांनी पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून, मतं सांगायच्या त्या आवाजात म्हणाले,

"मले नाई दिसला."